डॉ. मेघनाद साहा आणि यादीत नसलेले तारे

१९५६ हे साल आंबेडकरी समाज कधीही विसरू शकत नाही. १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले. परंतु त्याच वर्षी १६ फेब्रुवारीला, दिल्लीत नियोजन आयोगाच्या कार्यालयाकडे जात असताना, आणखी एक माणूस हृदयविकाराच्या झटक्याने कोसळला. त्याचे नाव डॉ. मेघनाद साहा. जगभरचे खगोलशास्त्रज्ञ ज्याच्या नावाचे समीकरण आजही वापरतात तो हा माणूस खालच्या मानलेल्या जातीत, खेड्यातल्या एका किराणा दुकानदाराच्या घरी जन्मला होता. आपल्या जयंती-पुण्यतिथीच्या फलकांवर मात्र हे नाव क्वचितच दिसते.

त्यांची आठवण होण्याचे कारण सांगतो. रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला, कर्जत आणि खालापूर तालुक्यांत, ठाकुरवाडी नावाच्या एक नव्हे तर अनेक वस्त्या आहेत. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीपर्यंत जाते, पण या वाड्या रुळापासून दूर, डोंगराच्या कुशीत आहेत. अशाच एका ठाकुरवाडीत जातीच्या दाखल्यांच्या कामासाठी आम्ही काही कार्यकर्ते गेलो होतो. काम संपेपर्यंत रात्र झाली, वीज गेली आणि अंगणात बसल्या बसल्या डोक्यावर आभाळ उघडले. आश्रमशाळेत शिकणाऱ्या एका मुलाने तेव्हा मला दोन प्रश्न विचारले. तारे हायड्रोजनचे बनलेले आहेत असे गुरुजी शिकवतात, पण तिथे कोणीच गेलेले नाही, मग हे कळले कसे? आणि दुसरा, जे हे सांगतात त्यांनी सगळे तारे तपासले आहेत का, की थोडे बघून सगळ्यांबद्दल बोलतात?

कोर्टात उलटतपासणी करताना साक्षीदाराला विचारावेत असेच हे प्रश्न होते. पहिल्याचे उत्तर मेघनाद साहांच्या आयुष्यात आहे. दुसऱ्याचे उत्तर प्रामुख्याने त्यांच्या मृत्यूनंतर मिळत गेले. आपल्या समाजाने ही दोन्ही उत्तरे नीट समजून घेण्याची गरज आहे.

मेघनाद यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातील शेओडातली या गावी झाला. हा भाग आता बांगलादेशात आहे. वडील जगन्नाथ साहा, आई भुवनेश्वरी देवी. आठ भावंडांतले हे पाचवे. गावात फक्त प्राथमिक शाळा होती. पुढची शाळा सिमुलिया गावात, सुमारे दहा किलोमीटरवर. रोज जाऊन-येऊन शिकणे शक्य नव्हते आणि दुसऱ्या गावी ठेवण्याइतका पैसा घरात नव्हता. थोरला भाऊ जयनाथ याने खटपट करून सिमुलियाच्या अनंतकुमार दास या डॉक्टरांकडे धाकट्याच्या राहण्या-जेवण्याची सोय लावली. त्या घरात मेघनादने गाईची देखभाल करायची आणि स्वतःचे ताट स्वतः घासायचे असे ठरले. ताट स्वतः घासण्यामागे काय होते, हे या दैनिकाच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

तिथून हा मुलगा जिल्ह्यात पहिला आला आणि सरकारी शिष्यवृत्ती मिळवून १९०५ साली ढाक्याच्या कॉलेजिएट स्कूलमध्ये दाखल झाला. तेच बंगालच्या फाळणीचे वर्ष. लेफ्टनंट गव्हर्नर फुलर यांच्या शाळाभेटीवर विद्यार्थ्यांनी बहिष्कार टाकला. त्या प्रकरणात मेघनादला शाळेतून काढून टाकण्यात आले आणि शिष्यवृत्तीही बंद झाली. गरीब घरच्या मुलाला याहून मोठी शिक्षा नाही. किशोरीलाल ज्युबिली स्कूल या खासगी शाळेने त्याला घेतले म्हणून शिक्षण वाचले. १९०९ च्या प्रवेश परीक्षेत तो पूर्व बंगालमध्ये पहिला आला.

१९११ साली साहा कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय, वर्गात सत्येंद्रनाथ बोस आणि एक वर्ष पुढे प्रशांतचंद्र महालनोबिस. अशी गुणवंतांची मांदियाळी देशात दुसरीकडे नव्हती. परंतु राहण्यासाठी जे ईडन हिंदू हॉस्टेल होते तिथे काही उच्चवर्णीय विद्यार्थ्यांनी साहांबरोबर एका दालनात जेवायला नकार दिला. सरस्वतीपूजेच्या वेळी त्यांच्या सहभागालाही विरोध झाला. विद्येची देवता म्हणून जिची पूजा करायची, तिच्याच पूजेत सर्वांत हुशार मुलांपैकी एकाला मज्जाव! साहांनी ते हॉस्टेल सोडले. १९१३ ची बी.एस्सी. असो की १९१५ ची एम.एस्सी., पहिले सत्येंद्रनाथ बोस आणि दुसरे मेघनाद साहा असा निकाल लागला.

त्यांना सरकारच्या वित्त सेवेची परीक्षा द्यायची होती, पण क्रांतिकारकांशी संबंध असल्याच्या संशयावरून परवानगी नाकारली गेली. १९१६ साली सर आशुतोष मुखर्जी यांनी विज्ञान महाविद्यालयात त्यांना नेमले. पुढच्याच वर्षी ताऱ्यांच्या प्रकाशाच्या दाबावर त्यांनी एक शोधनिबंध अमेरिकेतील नियतकालिकाला पाठवला. छपाईचा काही खर्च लेखकाने सोसावा असे उत्तर आले. तेवढे पैसे साहांकडे नव्हते. पूर्ण निबंध छापला गेला नाही, एक छोटे टिपण तेवढे छापले गेले. ज्ञान असूनही खिशात दमडी नसली तर ते जगाला दिसत नाही, हा अनुभव त्यांनी वयाच्या चोविसाव्या वर्षी घेतला.

आता त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. ताऱ्याचा प्रकाश लोलकातून काढला की रंगांचा पट्टा मिळतो आणि त्यात बारीक काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या असतात. अंगठ्याच्या ठशावरून माणूस ओळखावा तसे रेषांवरून द्रव्य ओळखता येते. परंतु यात एक घोटाळा होता. रुबिडियमसारख्या द्रव्याच्या रेषा सूर्याच्या प्रकाशात दिसतच नव्हत्या. मग सूर्यावर ते द्रव्य नाही असे समजायचे का? रेष ठळक तर द्रव्य भरपूर, रेष पुसट तर द्रव्य थोडे, रेष नाही तर द्रव्यच नाही, असा सोपा हिशेब बरोबर आहे का?

साहांनी दाखवून दिले की हा हिशेब चुकीचा आहे. प्रचंड उष्णता आणि कमी दाब असेल तर अणूमधील इलेक्ट्रॉन सुटून जातो. यालाच आयनीभवन म्हणतात. असा अणू आपल्या पूर्वीच्या रेषा दाखवत नाही, दुसऱ्याच रेषा दाखवतो आणि त्या पुष्कळदा आपल्या उपकरणांच्या टप्प्याबाहेर पडतात. म्हणजे द्रव्य तिथे हजर असते, फक्त जिथे आपण पाहतो तिथे त्याची सही नसते. कोणत्या तापमानाला आणि कोणत्या दाबाला किती अणू या स्थितीत असतील हे काढण्याचे समीकरण साहांनी १९२० साली प्रसिद्ध केले. ते पुढे असेही म्हणाले की सूर्यावरचे डाग आजूबाजूच्या भागापेक्षा थंड असतात, तेव्हा न दिसलेले रुबिडियम तिथे शोधा. अमेरिकेतील हेन्री नॉरिस रसेल यांनी शोधले आणि ते सापडले. ज्याला गैरहजर ठरवले होते ते पहिल्यापासून हजर होते.

त्याच सुमारास साहांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईत राजाबाई टॉवर ज्यांच्या देणगीतून उभा राहिला तेच हे कापसाचे व्यापारी. साहा लंडनला आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. १९२०-२१ च्या त्या हिवाळ्यात त्याच शहरात आणखी एक भारतीय विद्यार्थी पुस्तकांत डोके खुपसून बसलेला होता. ते होते आपले बाबासाहेब. एक ताऱ्यांच्या उतरंडीचा उलगडा करत होता आणि दुसरा माणसांच्या उतरंडीचा.

ताऱ्यांची उतरंड हे मी उगीच म्हणत नाही. हार्वर्डच्या वेधशाळेत ॲनी कॅनन यांनी दोन लाखांहून अधिक ताऱ्यांची रेषांवरून वर्गवारी केली होती. ओ, बी, ए, एफ, जी, के, एम अशा त्या पायऱ्या. एका वर्गात हायड्रोजनच्या रेषा ठळक, दुसऱ्यात कॅल्शियमच्या, तिसऱ्यात लोखंडाच्या. वरवर पाहणाऱ्याला वाटेल की या ताऱ्यांच्या निरनिराळ्या जाती आहेत आणि प्रत्येकाचे द्रव्यच वेगळे आहे. साहांनी समीकरण लावून सांगितले की ही मुख्यतः तापमानाची शिडी आहे. द्रव्य थोड्याफार फरकाने तेच असते. परिस्थिती बदलली की रेषा बदलतात.

याच समीकरणाच्या आधारे सिसिलिया पेन या तरुणीने १९२५ साली हार्वर्डमध्ये ताऱ्यांतील द्रव्यांचे प्रमाण मोजले. ती इंग्लंडहून आलेली होती. केंब्रिजमध्ये शिकूनही बाई म्हणून तिला तिथली पदवी मिळू शकली नव्हती. तिच्या मोजणीत हायड्रोजन इतर सर्व द्रव्यांपेक्षा कितीतरी पटींनी जास्त निघाला. हे तेव्हाच्या समजुतीच्या अगदी उलट होते. रसेल यांच्या सल्ल्यावरून तिला आपल्याच प्रबंधात तो निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चार वर्षांनी, १९२९ साली, रसेल स्वतः त्याच निष्कर्षाला पोहोचले. आश्रमशाळेतले गुरुजी आज जे शिकवतात ते बंगालच्या एका दुकानदाराच्या मुलाने आणि पदवी नाकारलेल्या एका बाईने शोधलेले आहे.

गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला विरोध करणाऱ्यांनी साहांचे हे काम एकदा समजून घ्यावे. एखाद्या समाजातून डॉक्टर, न्यायाधीश, प्राध्यापक दिसत नाहीत म्हणून त्या समाजात बुद्धी नाही असे म्हणणे, हे रेष दिसत नाही म्हणून सूर्यावर रुबिडियम नाही असे म्हणण्यासारखे आहे. आधी तापमान आणि दाब सांगा. शाळा किती दूर होती, घरात दिवा होता का, हॉस्टेलात पंगतीला बसू दिले का, हे सांगा. मग गुणवत्तेचे बोलू.

साहांचे पुढचे आयुष्यही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९२३ ते १९३८ ते अलाहाबाद विद्यापीठात होते. १९२७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. नोबेल पारितोषिकासाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण ते मिळाले नाही. १९३५ साली त्यांनी विज्ञान आणि समाज यांचा संबंध मांडणारे 'सायन्स अँड कल्चर' हे नियतकालिक सुरू केले. ढाक्याच्या एका वकिलाची गोष्ट त्यांनी लिहून ठेवली आहे. त्या वकिलांनी साहांच्या शोधाबद्दल विचारले आणि साहा समजावून सांगू लागले, तर दर दोन मिनिटांनी ते म्हणत की यात नवीन काय, हे सगळे वेदांत आहेच. वेदांत नेमके कुठे आहे असे साहांनी विचारल्यावर कळले की वकीलसाहेबांनी वेद वाचलेलेच नव्हते. मीही वकील असल्यामुळे ही गोष्ट वाचून मला हसू आले आणि थोडी लाजही वाटली. साहांनी मात्र वेद आणि जुने ज्योतिष खरोखर वाचून त्या दाव्यांना उत्तर दिले.

बाबासाहेबांच्या आणि साहांच्या कामाचा एक मोठा सांधा आहे. १९४३ साली दामोदर नदीच्या पुराने बंगालचे अतोनात नुकसान झाले. चौकशी समितीत साहा होते आणि संपूर्ण खोऱ्याचा एकत्रित विकास करावा अशी मांडणी ते लेखांतून करत होते. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याबरोबर पाटबंधारे आणि वीज हे विषय बाबासाहेबांकडे होते. जानेवारी १९४५ मध्ये कलकत्त्यात बाबासाहेबांनी त्याविषयी परिषद घेतली आणि १९४८ साली कायदा होऊन दामोदर खोरे महामंडळ उभे राहिले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत साहा कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. त्याच निवडणुकीत मुंबईत बाबासाहेबांचा पराभव झाला. पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष साहाच होते आणि त्या समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ते पाहायला साहा उरले नव्हते.

आता दुसरा प्रश्न. सगळे तारे तपासले आहेत का?

नाही. ते शक्यही नाही. आपल्या आकाशगंगेत शंभर अब्जांहून अधिक तारे आहेत. युरोपच्या गाया या यानाने २०१३ साली उड्डाण केले आणि २०२५ साली ते बंद करण्यात आले. तेवढ्या काळात त्याने जवळपास दोन अब्ज ताऱ्यांची नोंद केली. म्हणजे शंभरात फार तर एक-दोन. आतले द्रव्य बारकाईने मोजलेले तारे तर त्याहून कितीतरी कमी आहेत. उरतो तो नमुना. भाताची कढई शिजली की नाही हे पाहायला आपण एक शीत दाबतो, तसाच हा प्रकार. पण कढईचे शीत ढवळलेल्या भातातले असते. आकाश कोणी ढवळून देत नाही.

ठाकुरवाडीच्या अंगणातून दिसणारे आकाश हाच एक फसवा नमुना आहे. नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दोन-तीन हजार तारे दिसतात. मृग नक्षत्रातला रायजेल सुमारे साडेआठशे प्रकाशवर्षांवर असूनही लखलखतो, कारण तो मुळातच प्रचंड तेजस्वी आहे. सूर्यानंतर आपल्याला सर्वांत जवळचा तारा प्रॉक्सिमा हा फक्त सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, पण तो दुर्बिणीशिवाय दिसत नाही. प्रॉक्सिमा ज्या जातकुळीचा आहे ते मंद तांबडे तारे आकाशगंगेत सुमारे पाऊण हिश्शाने आहेत आणि त्यांतला एकही नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तेव्हा डोळ्यांना दिसणारे आकाश हे बहुमताचे आकाश नव्हे. जे झळकतात त्यांचीच ती सभा आहे.

नमुना कसा निवडावा याचे शास्त्र आपल्या देशात ज्यांनी रुजवले ते साहांचे कॉलेजमधले सोबती महालनोबिस होत. साहा आणि सत्येंद्रनाथ बोस यांनी आइन्स्टाइनचे निबंध इंग्रजीत आणले, ते पुस्तक १९२० साली निघाले, त्याची प्रस्तावना महालनोबिसांचीच. १९५० साली त्यांनी राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू करून दिली. या विषयात सातारा जिल्ह्यातील बुध गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांचेही काम मोठे आहे. पिकाचा उतारा काढण्यासाठी शेतात फार लहान तुकडा आखला, तर कडेवरची रोपे नकळत आत ओढली जातात आणि उतारा खऱ्यापेक्षा जास्त निघतो, हे सुखात्मेंनी दाखवून दिले. माप घेणारा खोटे बोलत नसतो. तुकडा आखण्याच्या पद्धतीतच चूक असते.

ताऱ्यांच्या बाबतीत नेमके हेच घडले. खगोलशास्त्रात हायड्रोजन आणि हेलियम सोडून बाकी सर्व द्रव्यांना सरसकट धातू म्हणतात. फार जुन्या ताऱ्यांत धातू कमी असतात. १९६२ साली एगन, लिंडेन-बेल आणि सँडेज या तिघांनी २२१ ताऱ्यांचा अभ्यास केला. धातू कमी असलेले तारे लांबट, ताणलेल्या कक्षांतून फिरतात असे त्यांना दिसले. त्यावरून आकाशगंगा एका मोठ्या वायूच्या ढगातून झपाट्याने आकसत तयार झाली असा निष्कर्ष निघाला. हा निबंध फार गाजला.

पण हे तारे यादीत आले कसे? त्यांतले बरेचसे झपाट्याने जागा बदलणाऱ्या ताऱ्यांच्या याद्यांतून घेतलेले होते. ज्याची कक्षा लांबट तो सूर्याच्या शेजारून वेगाने जातो, म्हणून तो यादीत पटकन येतो. जो सूर्याबरोबर शांतपणे गोल फिरतो, तो कितीही जुना असला तरी यादीत येण्याची शक्यता कमी. मग यादीत गोल कक्षेतले जुने तारे दिसले नाहीत याचे नवल काय? १९८५ साली नॉरिस, बेसेल आणि पिकल्स यांनी वेग न बघता केवळ रेषांच्या कमजोरीवरून निवडलेले तारे तपासले. त्यांना धातू कमी असूनही शांत कक्षेत फिरणारे तारे सापडले. २००० साली चिबा आणि बीअर्स यांनी बाराशेवर ताऱ्यांवरून तेच पक्के केले. आज असे मानले जाते की आपल्या आकाशगंगेने लहानसहान आकाशगंगा गिळूनही आपला पसारा वाढवला आहे. १९६२ चे ते तीन शास्त्रज्ञ खोटारडे नव्हते. त्यांच्या मोजमापातही खोट नव्हती. ज्यांना यादीत येण्याचा रस्ताच नव्हता, त्यांच्याबद्दल निष्कर्ष काढला गेला एवढेच.

अशा वाटा अनेक आहेत. आकाशगंगेच्या मध्यभागाकडे धुळीचे ढग आहेत, म्हणून साध्या प्रकाशात पाहणाऱ्यांनी कित्येक वर्षे सूर्याच्या शेजारपाजारावरूनच सगळ्यांचा अंदाज बांधला. २०११ साली अमेरिकेत धुळीतून पार होणाऱ्या अवरक्त प्रकाशात पाहणारी अपोजी ही मोहीम सुरू झाली, तेव्हा पलीकडच्या ताऱ्यांची द्रव्ये मोठ्या संख्येने मोजता आली. रंग पाहून निवड केली तरी फसगत होते, कारण धातू कमी असलेला तारा जरा निळसर दिसतो आणि निळे वेचणाऱ्याच्या ओंजळीत असेच तारे जास्त येतात. पुण्याच्या आयुका संस्थेतील संशोधकांच्या सहभागाने २००४ साली १२७३ ताऱ्यांच्या वर्णपटांचा एक भारत-अमेरिका संग्रह प्रसिद्ध झाला. तो फार उपयोगी आहे, पण प्रत्येक प्रकारचा तारा असावा म्हणून तो मुद्दाम वेचलेला आहे. त्यावरून आकाशगंगेत कोण किती हे मोजायला गेलात तर फसाल.

म्हणून आजचे शास्त्रज्ञ ताऱ्यांची यादी देताना निवडीचे गणितही मांडतात. कोणत्या ताऱ्याला यादीत येण्याची किती संधी होती, ते सांगतात. ज्याला संधी कमी होती असा एक तारा सापडला, तर त्याच्यामागे न दिसलेले अनेक आहेत असे धरून त्याला जास्त वजन देतात. विज्ञानातले हे आरक्षणच म्हणा ना! ती कुणावर केलेली मेहेरबानी नाही. खरे उत्तर हवे असेल तर हिशेब असाच करावा लागतो.

बाबासाहेबांनी हा मुद्दा १९१९ सालीच मांडला होता. साऊथबरो समितीपुढे साक्ष देताना त्यांनी मताधिकार आणि प्रतिनिधित्व यांचा प्रश्न उभा केला. मालमत्ता पाहून मतदार ठरवले तर अस्पृश्य मतदारयादीत येणारच नाहीत आणि त्या यादीतून निवडलेली सभा देशाची म्हणता येणार नाही. वेगवान ताऱ्यांची यादी आणि मालमत्तावाल्यांची यादी यांत फरक तो काय?

ठाकूर समाजाने हे दुखणे कायद्यातही सोसले आहे. १९७६ च्या दुरुस्ती कायद्यापूर्वी ठाकूर ही अनुसूचित जमात ठरावीक तालुक्यांपुरतीच मान्य होती. त्यांत तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले कर्जत आणि खालापूर होते. तालुक्याची हद्द ओलांडली की तोच ठाकूर ठाकूर राहत नसे. ते बंधन गेले, पण पुढे आप्तभाव चाचणी आली. जुन्या पुस्तकांत नोंदलेल्या चालीरीती, देव, लग्नाचे विधी आजच्या मुलाला सांगता आले नाहीत तर त्याचा दावा संशयास्पद ठरू लागला. त्या नोंदी केव्हा, कोणत्या पाड्यावर, कोणाला विचारून केल्या होत्या? मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आप्तभाव चाचणी ही जमातीचा दावा ठरवण्याची एकमेव कसोटी नाही असे स्पष्ट केले. जुना नमुना हाच कायमचा मापदंड होऊ शकत नाही, असा त्या निकालाचा अर्थ मी घेतो.

आणि नमुन्याची चूक कधी कधी जीव घेते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी या ठाकरांच्या वाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह सापडले आणि ५७ माणसे सापडलीच नाहीत. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. यादीत नाव नाही म्हणून धोका नव्हता काय? धोका होताच, जसे सूर्यावर रुबिडियम होतेच.

आपल्यातलाच एखादा अधिकारी झाला, एखाद्याने बंगला बांधला, की लगेच म्हटले जाते, आता यांना सवलती कशाला. हा रायजेलकडे बोट दाखवून सगळे तारे तेजस्वी आहेत असे म्हणण्याचा प्रकार आहे. स्वतः मेघनाद साहा हे असेच एक उदाहरण करून दाखवले जातात. परंतु सिमुलियात डॉक्टरांनी आसरा दिला नसता आणि किशोरीलाल शाळेने दार उघडले नसते, तर साहा कोणत्याही यादीत आले नसते. ज्यांना डॉक्टर भेटला नाही असे किती मेघनाद त्या जिल्ह्यात दुकानावर बसून संपले? ते मोजल्याशिवाय साहांच्या यशाचा अर्थ लागत नाही.

२०२५ साली केंद्र सरकारने जनगणनेबरोबर जातनिहाय गणना करण्याचा निर्णय जाहीर केला. आपल्या कार्यकर्त्यांनी तिचे केवळ स्वागत करून थांबू नये. मोजणीदार डांबरी रस्त्यावरून परत फिरला की वरच्या पाड्यापर्यंत गेला, स्थलांतरित कातकरी कुटुंब वीटभट्टीवर असताना त्याची नोंद कुठे झाली, हे गावोगाव उभे राहून पाहिले पाहिजे. आकडा हाती आला की पहिला प्रश्न हाच विचारायचा की यात येण्याची संधी कोणाला नव्हती.

त्या रात्री वीज परत आली आणि निम्मे आकाश पुसले गेले. मी त्या मुलाला सांगितले की सगळे तारे कोणीच तपासलेले नाहीत, आणि जे खरे शास्त्रज्ञ असतात ते ही गोष्ट लपवत नाहीत. त्याने थोडा विचार केला आणि विचारले की मग उरलेले कोण तपासणार. त्याच्या वर्गातली मुले तपासू शकतात, एवढेच मी म्हणालो. त्यासाठी त्याची आश्रमशाळा नीट चालली पाहिजे, शिष्यवृत्ती वेळेवर मिळाली पाहिजे आणि दाखला अडवून ठेवला जाता कामा नये. ते काम आपले आहे. जयभीम!